उन्हाची साय

"थांब! तिथे पाय देऊ नकोस," सालूद बांधावरून ओरडली, पण तोवर जिनाने पाय दिला होता.

तळ्यात जेमतेम बोटभर खारं पाणी होतं. त्या पाण्याखाली, चिखलावर, दुधावर धरते तशी पिवळट तपकिरी साय धरली होती. जिनाचं पाऊल पडलं तिथे ती फाटली आणि खालचा काळा चिखल भसकन वर आला. जिना एका पायावर तशीच उभी राहिली.

"नानाय, सगळीकडे हीच घाण आहे. पाय ठेवू तरी कुठे?"

"घाण म्हणतेस? अगं, तू तीन वेळा भात खातेस तो कशातनं येतो? ये मागे. आलीस त्याच पावलांवरून ये. आणि पुन्हा हिला घाण म्हणालीस तर आज रात्री तुला तुरीच्या कालवणातली नुसती तूर वाढीन, फणस आणि मटण सगळं मी खाईन."

जिना हसू दाबत मागे आली. नानाय म्हणजे आई, पण या सासूची जीभ तिखट आहे हे लग्नाआधीच तिच्या कानावर आलं होतं. नवरा, म्हणजे सालूदचा एकुलता एक निलो, जहाजावर नोकरीला. लग्नानंतर महिन्याभरात तो गेला आणि डोंगरातल्या भातशेतीत वाढलेली ही पोर इलोइलोच्या किनाऱ्यावर, खाजणातल्या या तळ्यापाशी, सासूच्या तावडीत सापडली. गावाने तिची कीव केली होती. पण जिनाचं मत वेगळं होतं. तिच्या आईची जीभ गोड होती आणि हात सैल. त्यापेक्षा ही बरी.

साय म्हणजे लाबलाब. बांगूस माशाची पिल्लं हीच खाऊन वाढतात. ती बाजारात मिळत नाही, पेरावी लागत नाही, पण आपोआप येते म्हणावं तर तसंही नाही. आधी तळं रिकामं करायचं. उन्हात इतकं वाळवायचं की तळाला भेगा पडाव्यात. मग कोंबडीखत टाकायचं आणि भरतीचं पाणी आत घ्यायचं, पण किती, तर नखाएवढं. ते उन्हाने आटलं की पुन्हा तेवढंच. असं करत करत साय धरते, जाड होते, मग हळूहळू पाणी चढवायचं आणि शेवटी पिल्लं सोडायची. "भात चुलीवर शिजतो, लाबलाब उन्हावर," असं सालूद म्हणायची. नवरा गेला तेव्हा निलो पाळण्यात होता. तेव्हापासून हे तळं तिनेच राखलं, आणि मालकाने दुसरा राखणदार बघायचं कधी नाव काढलं नाही.

एकदा संशोधन केंद्रातली काही पोरं आली होती. त्यांनी चिमूटभर लाबलाब काचेवर ठेवली आणि सालूदला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. तिला वाटलं होतं, किडे वळवळत असतील. पण आत सोनेरी नावा होत्या. काचेच्या असाव्यात तशा लख्ख, हजारोंनी, एकीला लागून एक. मधूनमधून हिरव्या मण्यांच्या माळा. त्यातली एक पोरगी ताई म्हणावं तशी हाक मारून म्हणाली, "मानांग, हे सगळे ऊन खातात. उन्हाचं साखरेत रूपांतर करतात आणि वर श्वास सोडतात. दुपारी बुडबुडे येतात ना, तो त्यांचा श्वास." सालूदने पुन्हा डोळा लावला. "म्हणजे एवढी सगळी माणसं माझ्या पायाखाली राबतात, आणि मी एकटी दमले म्हणून रडते!" पोरं हसली, पण ती गंमत करत नव्हती. त्यानंतर कित्येक दिवस ती तळ्यात उतरताना मनातल्या मनात त्यांची माफी मागून उतरायची.

आता त्या नावा तिला सूक्ष्मदर्शकातूनही दिसल्या नसत्या. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. गेल्या वर्षापासून दोन्ही डोळ्यांपुढे पडदा आला होता. आधी वाटलं, धूर आहे. मग वाटलं, धुकं आहे. उन्हाळ्यातही धुकं गेलं नाही तेव्हा ती समजली. जन्मभर पाण्यावरची तिरीप डोळ्यांत घेतली, त्याचा हा हिशेब होता. ज्या उन्हाने पोट भरलं त्यानेच डोळे नेले, आणि तक्रार करायची तर कुणाकडे? ती पायाने चाचपायची. लाबलाब तळव्याला मऊ दह्यासारखी लागते, नुसतं शेवाळ असलं तर दोऱ्यासारखं बोटांत अडकतं. वास होता, कान होते. एवढ्यावर तिने वर्ष काढलं.

पण या हंगामाच्या सुरुवातीला तळ्याचे मालक पॉलिंग, ज्यांना ती मानोंग म्हणजे दादा म्हणे, शहरातून आले होते, आणि बांधावर उभं राहून म्हणाले होते, "सालूद, तुझं वय झालं. शेजारचा टिनोंग पोत्यातलं खाद्य टाकून मासे वाढवतो. ऊन असो नसो, त्याचं अडत नाही. तो तुझं तळंही बघायला तयार आहे. तुझ्याने होत असेल तर तुझंच आहे. होत नसेल तर तसं सांग. पिल्लं सोडायच्या वेळी मी येईन, तेव्हा ठरवू."

"न व्हायला काय झालंय मला?" सालूद म्हणाली होती. तळं गेलं असतं तर ती उपाशी मरणार नव्हती, निलो पैसे पाठवत होता. पण सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न होता. 

साय चांगली बोटभर जाड झाली तेव्हा उधाणाची भरती आली. पाणी थोडं चढवायचा तोच दिवस होता. दुपार कलत होती. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात जे दार होतं, त्याच्या चौकटीत उभी राहून जिना फळ्या उचलणार होती. दाराच्या जाळीत कचरा अडकू नये म्हणून तिला नजर खाडीकडेच ठेवावी लागणार होती. आत, तळ्याच्या काठाशी, एक बांबू रोवलेला होता आणि त्याला लाल चिंधी बांधलेली होती. पाणी चिंधीला टेकलं की सालूदने हाक द्यायची आणि जिनाने फळी टाकायची.

"मी सांगेन तेव्हाच टाक," सालूद म्हणाली. "त्याआधी नाही, नंतर नाही."

पाणी खळखळत आत आलं. सालूद बांबूकडे बघत होती. म्हणजे बांबू जिथे असायला हवा तिथे. तिला एक काळी रेघ दिसत होती आणि तिच्याभोवती नुसता लखलखाट. लाल काही दिसेना. वाकून हाताने चाचपलं असतं तर कळलं असतं. पण पलीकडच्या बांधावर टिनोंग उभा होता, आणि त्याच्यासमोर आंधळ्यासारखं चाचपायचं तिच्या जिवावर आलं. अजून वेळ आहे, असं तिने स्वतःलाच सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं.

"टाक!" ती शेवटी ओरडली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तसं टिनोंगच्या हसण्याने ती दचकली. "मानांग सालूद, तुमची लाबलाब निघाली की फिरायला!"

खरंच निघाली होती. अचानक खोल झालेल्या पाण्यात सायीची चिखलावरची पकड सुटली होती, आणि उन्हाने आत भरलेल्या बुडबुड्यांनी ती गोधड्यांसारखी उचलून वर आणली होती. वारा ती एका कोपऱ्यात ढकलत होता. तिथे ती कुजली की पाणी नासणार, आणि पिल्लं तर लहान तळ्यात तयार बसलेली.

"फळी उशिरा टाकलीस!" सालूद जिनावर कडाडली. "तुला सांगितलं होतं ना, मी म्हणेन तेव्हा! डोंगरातलं डोकं! शेतात पाणी तुंबवायचं तेवढं कळतं!"

जिनाने तोंड उघडलं आणि मिटलं. टिनोंग बघत होता. तिने मान खाली घातली आणि टोपली आणायला झोपडीकडे गेली.

"पोरीला कशाला बोलता?" टिनोंग म्हणाला. "मी बघत होतो. तुम्ही हाक दिलीत तशी तिने टाकली."

"तू तुझ्या पोत्यांपाशी जा."

टिनोंग गेल्यावर सालूद बांबूपाशी आली आणि वाकली. हात पाण्यात घातला. चिंधी कुठेच लागेना. आणखी खाली, मनगट बुडेपर्यंत खाली, तिला ती लागली, ओली आणि गुळगुळीत. ती बराच वेळ तशीच चिंधी धरून वाकलेली राहिली. आयुष्यात तिने पुष्कळांना शिव्या दिल्या होत्या, पण ज्याची चूक त्यालाच. आज पहिल्यांदा आपली चूक तिने दुसऱ्याच्या अंगावर फेकली होती, आणि ती पोर एक शब्द बोलली नव्हती. सालूदला स्वतःची शिसारी आली.

ओहोटी लागली तसा दाराकडून फळीचा आवाज आला. जिनाने न विचारता पाणी काढायला सुरुवात केली होती. मग चुबुक चुबुक असा आवाज येऊ लागला.

"काय करतेस गं?"

"रोपं लावते."

"काय लावतेस?"

"नानाय, आमच्याकडे वाफ्यातली रोपं उपटून दुसरीकडे लावतात. ही साय अजून मेलेली नाही. कोपऱ्यातनं उचलते, तुकडे करते आणि उघड्या चिखलावर अंथरते. पाणी पुन्हा बोटभर ठेवलं की धरेल. नाही धरली तर तुम्ही आहातच बोलायला."

इतक्या वर्षांत सालूदने कधी लाबलाब लावलेली ऐकली नव्हती. एखादा टोमणा तिच्या जिभेवर आलाही होता. तो तिने गिळला, लुगडं गुडघ्याच्या वर खोचावं तसा झगा वर खोचला आणि पाण्यात उतरली. "तुकडे मोठे ठेव," ती म्हणाली. "लहान केलेस तर वारा नेईल. आणि उलटे टाकू नकोस, तपकिरी बाजू वर. जेवणारी तोंडं उन्हाकडे हवीत."

दोघी सूर्य मावळेपर्यंत वाकून साय अंथरत राहिल्या. पाठ मोडून गेली. घरी जाताना सालूदने माफीचा शब्द काढला नाही, पण ताटात फणस आणि मटण जिनाच्याच बाजूला आलं.

नंतरचे दिवस कोरडे, निरभ्र गेले. सालूद रोज दुपारी बांधावर येऊन बसे आणि तळ्याकडे तोंड करून विचारी, "कसं आहे?" जिना सांगे. एका दुपारी जिना काठाशी बसली होती आणि एकदम ओरडली, "नानाय! बुडबुडे! बघा, बघा, किती!"

 साय जगली होती. तळाशी त्या सोनेरी नावा पुन्हा कामाला लागल्या होत्या. "दिसतात की," ती हसत म्हणाली. "छान आलेत. त्या तिथे तर खूपच."

जिनाने त्या दिशेला बघितलं. मग हळूच म्हणाली, "तिथे पाणीच नाही, नानाय. तिथे बांध आहे."

दूरवर टिनोंगचं पंपयंत्र धडधडत होतं. सालूदने हात मांडीवर ठेवले.

"किती दिवस झाले?" जिनाने विचारलं.

"वर्ष झालं असेल. तुला कधी कळलं?"

"फळी टाकली त्या दिवशी. मी वळून बघितलं तर चिंधी बुडालेली, आणि तुम्ही तिच्याकडेच बघत होतात."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? मी तुला चारचौघांत फाडून खाल्लं!"

"टिनोंग उभा होता ना," जिना म्हणाली. "त्याला कळलं असतं तर मालकाला कळलं असतं."

सालूदला रडू आलं. नवरा गेला तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. पण इथे तळ्याच्या काठावर, भर उन्हात, सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून ती खुशाल रडली. मग नाक पुसून म्हणाली, "पुरे. खारं पाणी तळ्यात आहे तेवढं बास."

मालक येणार त्या दिवसासाठी दोघींनी बेत रचला. जिनाच्या डोक्यातून निघालेला बेत, पण सालूदने त्यात तिखट-मीठ घातलं. जिनाने मालकाच्या मागे चालायचं. मालकाने काही दाखवलं आणि ते चांगलं असलं तर एकदा खोकायचं, वाईट असलं तर दोनदा. "आणि मालकांनी विचारलं की खोकला का येतो," जिना म्हणाली, "तर सांगायचं, डोंगरातल्या माणसाला खारा वारा मानवत नाही."

मानोंग पॉलिंग आले ते टिनोंगला बरोबर घेऊनच. पाऊल टाकताना धापा टाकत होते. त्यांचंही वय सालूदपेक्षा कमी नव्हतं. त्यांनी तळ्याकडे बोट केलं. "साय दाट दिसते."

मागून एकदा खोकला आला. "दाट आहे, मानोंग," सालूद म्हणाली. "उन्हाने साथ दिली."

"आणि ते कडेला हिरवं काय आहे?"

दोनदा खोकला. "थोडं शेवाळ आहे. काढून टाकू आज."

"आणि ते पांढरं?"

जिना गोंधळली. पांढरं चांगलं की वाईट? तिने एकदा खोकून पाहिलं, मग घाईने आणखी एकदा, आणि मग तिला खरंच ठसका लागला. सालूदने अंदाजाने तोंड उघडलं. "ते ना, मानोंग, ते मीठ सुकलंय. चांगलं लक्षण आहे."

मीठ पंख फडफडवत उडून गेलं. तो बगळा होता.

टिनोंग तोंड फिरवून हसू लागला. पॉलिंग हसले नाहीत. ते सालूदकडे वळले आणि तिच्या डोळ्यांत नीट बघू लागले. जिना पुढे झाली, "मालक, उन्हाची तिरीप होती, कुणालाही.."

"गप्प बैस, पोरी," सालूद म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "हा खेळ मला जमत नाही. मानोंग, माझे डोळे गेले. वर्ष झालं. या हंगामात पाणी जास्त आत आलं आणि साय उचकटली, ती माझ्या चुकीने. ज्या दिवशी उचकटली त्या दिवशी मी हिला शिव्या घातल्या. आणि तळं भरलंय ते हिने. तुकडा तुकडा उचलून हिने ती साय पुन्हा लावली. मी जन्मात असं काही ऐकलं नव्हतं. तुम्हाला टिनोंगला तळं द्यायचं तर द्या, वाईट माणूस नाही तो, नुसता आळशी आहे. पण माझ्यामुळे द्यायचं असेल तर देऊ नका. मी इथे नाहीये आता. ही आहे."

 टिनोंगचं हसू थांबलं. पॉलिंगनी खाली बसून पाण्यात हात घातला, सायीची कड बोटांत चोळून बघितली आणि वास घेतला. लहानपणी हे तळं त्यांच्या बापाचं होतं आणि त्यांनाही वास घेता येत होता, हे सालूद विसरली होती.

"पोरी, तू करशील?" त्यांनी जिनाला विचारलं.

"मला आजवर कुणी विचारलंच नाही," जिना म्हणाली. "लग्न झालं, इथे आले, चिखलात उतरले."

सालूदला ते शब्द लागले, कारण खरे होते. "मी विचारते," ती म्हणाली. "मनापासून विचारते. नको असेल तर नको म्हण. निलो आला की शहरात जाऊन राहा, मी काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण मनात."

जिनाने तळ्याकडे बघितलं. दुपार होत आली होती आणि सायीतून एकेक बुडबुडा सुटून वर येत होता. "करेन," ती म्हणाली. "पण एक अट आहे. नानायनी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यायची. आमच्या गावातली म्हातारी करून आली, आता सुईत दोरा ओवते."

"मला सुरी लावून घ्यायची नाही डोळ्याला!"

"मग मला तळं नको."

"बघितलंत मानोंग?" सालूद म्हणाली. "आजच राखणदार झाली आणि आजच धमक्या देते." पण ती हसत होती, आणि पॉलिंगही हसले. पुढच्या भरतीला पिल्लं मोठ्या तळ्यात सोडायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

इस्पितळाने दिलेला दिवस आणि भरतीचा दिवस नेमका एकच निघाला. भरती कुणासाठी थांबत नाही आणि डॉक्टरही थांबले नसते. जिनाला दार सोडून जाता येईना. शेवटी सालूदला शहराच्या जीपपर्यंत सोडायला टिनोंग त्याची मोटारसायकल घेऊन आला. ती मागे बसली. तिच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं आणि केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, जिनाने पहाटे उठून केलेला. पिल्लं सोडताना ती तळ्यावर नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"निघू?" टिनोंगने विचारलं.

"थांब जरा."

दाराकडून फळी उचलल्याचा आवाज आला. मग पाणी आत शिरलं. आधी बारीक, मग भरून, मग घुमत. सालूद मान तिरकी करून ऐकत राहिली. पाणी कुठवर आलं हे तिला आवाजावरून कळत होतं. सायीवरून ते पसरत गेलं, बांबूपाशी पोचलं, चढू लागलं. अजून थोडं. अजून. आता पुरे व्हायला हवं होतं. तिने हाक मारायला छाती भरून श्वास घेतला.

त्याच क्षणी फळी खाली बसल्याचा घट्ट, जड आवाज आला आणि पाणी थांबलं.

सालूदने घेतलेला श्वास हळूच सोडला. गाठोडं मांडीवर नीट ठेवलं आणि टिनोंगच्या पाठीवर थाप मारली.

"चल रे," ती म्हणाली. "जीप निघून जाईल."